संत गोन्सालो गार्सियांना रोजच्या प्रार्थनेत कसं आणायचं: वसईच्या संताचा घरी आणि मिस्सात पाळायचा साधा क्रम

फेब्रुवारी आला की आमच्याकडे संत गोन्सालो गार्सियांचे फोटो मोबाईलवर फिरायला लागतात, नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना होते, ६ ला सणाची मिस्सा (चर्चमधला ख्रिस्तयज्ञ) होते, आणि ७ तारखेला सगळं शांत. मग पुढच्या वर्षी पुन्हा. मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, तिथे मुलांना विचारलं की आपल्या वसईचा संत कोण, तर नाव सगळ्यांना येतं, पण त्यांनी नक्की काय केलं हे विचारलं की "जपानला गेले, क्रूसावर मारलं" इथे गाडी थांबते. वर्षभर आपल्या घरात त्यांना जागा कुठेय, हे कोणालाच सांगता येत नाही. मलाही बरीच वर्षं येत नव्हतं, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय.

मला हे सुचलं कुठून ते आधी सांगते. फादर-सिस्टर लोक रोज जी तासांची प्रार्थना म्हणतात त्यात ६ फेब्रुवारीला एक जुनं वाचन आहे, जपानमधल्या नागासाकीला १५९७ साली २६ हुतात्म्यांना क्रूसावर चढवलं त्या वेळचं वर्णन आहे ते. कोण स्तोत्र गात होता, कोण देवाचे आभार मानत होता असं एकेकाचं सांगितलंय आणि त्यात आपल्या गोन्सालोंबद्दल एकच वाक्य आहे, की ब्रदर गोन्सालो खूप मोठ्या आवाजात आमच्या बापा आणि नमो मरिया म्हणत होते. एवढंच. मी ते वाचलं आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिले, कारण ह्याच दोन प्रार्थना माझ्या आजीने मला मांडीवर बसवून शिकवल्या होत्या आणि आपण त्या दिवसातून कितीदा तरी म्हणतो, बऱ्याचदा गॅसवर दूध ठेवून अर्ध्या लक्षात. म्हणजे ह्या संताला मान द्यायला वेगळी मोठी प्रार्थना शोधायची गरजच नाही, त्यांची शेवटची प्रार्थना आपल्या तोंडात आधीच आहे. खालचा सगळा क्रम ह्याच एका गोष्टीवर उभा आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, मगच पुढे जाऊ

आराधना फक्त देवाची. संतांचा आपण सन्मान करतो आणि त्यांची मध्यस्थी मागतो, जसं आपण शेजारच्या मावशीला म्हणतो "माझ्यासाठी प्रार्थना करा हं" तसंच, फक्त ही मावशी देवाजवळ पोचलेली आहे. पवित्र मरियेचा सन्मान सगळ्या संतांहून वरचा, पण तोही आराधना नाही. हे घरात मुलांना स्पष्ट सांगा कारण बाहेर शाळेत कोणीतरी विचारतंच की तुम्ही पुतळ्याची पूजा करता का, आणि पोरं गोंधळतात.

दुसरं म्हणजे सौदा नको. "हे काम झालं की इतक्या मेणबत्त्या" असा हिशोब मांडून संताकडे जाऊ नका. मागा, मनापासून मागा, नोकरी मागा, पोराची तब्येत मागा, सगळं मागा, पण देणारा देव आहे आणि तो बिलं फाडत नाही. आणि "हा फोटो ९ जणांना पाठवा नाहीतर वाईट होईल" असे मेसेज येतात ना, ते सरळ डिलीट करा, ती भक्ती नाही, अंधश्रद्धा आहे. ज्या माणसाने जीव गेला तरी विश्वास सोडला नाही त्याच्या नावाने लोकांना घाबरवायचं हे मला अजिबात सहन होत नाही.

पायरी १: घरातली जागा

बहुतेकांच्या घरी आल्तार, म्हणजे प्रार्थनेची वेदी, असतोच. मधोमध क्रूस, तो सगळ्यात वर. संत गोन्सालोंचा फोटो बाजूला, क्रूसापेक्षा खाली. फोटो घेताना बघा की अंगात फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघाचा) झगा असेल आणि कमरेला गाठी मारलेला दोर, त्या दोराच्या तीन गाठी म्हणजे गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं. ते फादर नव्हते, ब्रदर होते, म्हणजे व्रतं घेतलेले पण धर्मगुरू नसलेले, हे कायम लक्षात ठेवा, पुढे ह्याचा उपयोग होणार आहे.

फोटो फादरांकडून आशीर्वादित करून घ्या. फुलं वसईत कमी नाहीत, मोगरा असेल चाफा असेल, आपल्या कुंपणातलं एक फूल पुरे. रोजच मेणबत्ती लावायची असं नाही, पण लावली तर प्रार्थना संपल्यावर विझवा, लाकडी आल्तार आणि वर पडदा अशी घरं मी बघितलीत.

पायरी २: सकाळ, दोन मिनिटं

उठल्यावर क्रूसाची खूण करा आणि एक आमच्या बापा, एक नमो मरिया मोठ्याने म्हणा. पुटपुटायचं नाही, आवाज काढून म्हणायचं. सुरुवातीला लाजल्यासारखं होतं, खासकरून घरात सगळे झोपलेले असताना, पण आठ दिवसांत सवय होते आणि मग घरातली माणसं झोपेतच "आमेन" म्हणायला लागतात, हे मी अनुभवाने सांगतेय. शेवटी एवढंच जोडा: "संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती कर."

जास्त वेळ असेल तर मी म्हणते ती छोटी प्रार्थना देते. ही चर्चची अधिकृत प्रार्थना नाही, माझी घरगुती आहे, खाजगी प्रार्थनेला कोणाची परवानगी लागत नाही, पण चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून म्हणायची असेल तर फादरांना विचारून त्यांनी दिलेलीच वापरा.

"हे प्रभू, वसईच्या गोन्सालोला तू दूर देशी नेलंस, तिथल्या लोकांची भाषा त्याच्या तोंडी दिलीस आणि क्रूसावरही त्याची प्रार्थना थांबू दिली नाहीस. आज मी जे बोलेन ते तुझ्या नावाला शोभेल असं असू दे, आणि जिथे मी घाबरून गप्प बसते तिथे त्याच्या मध्यस्थीने मला धीर दे. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे, आमेन."

पायरी ३: संध्याकाळची रोजरी

रोजरीत काही बदलायचं नाही. ती मरियेबरोबर येशूचं जीवन बघायची प्रार्थना आहे, तिच्यात मधे मधे दहा संत घुसवू नका. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं असतात, त्यातल्या पाचव्या रहस्याला, म्हणजे येशूचं क्रूसावरचं मरण, सुरुवातीला एक क्षण थांबून आठवा की आपल्या गावचा एक माणूस असाच क्रूसावर होता आणि हीच नमो मरिया म्हणत होता. मग दहा मण्यांचा वेग आपोआप कमी होतो. रोजरीनंतर लदीन (मरियेच्या नावांची विनवणी) म्हणत असाल तर ती संपल्यावर त्यांचं नाव घ्या.

पायरी ४: मिस्सात

रोजची किंवा रविवारची मिस्सा ही कुठल्याही संताच्या भक्तीपेक्षा मोठी. संताचा फोटो घरी आणि मिस्साला दांडी, हे उलटं झालं. मिस्सात त्यांना मान द्यायचे साधे रस्ते आहेत:

एक, तिसऱ्या ख्रिस्तयज्ञ प्रार्थनेत त्या दिवसाच्या संताचं किंवा आश्रयदात्या संताचं नाव घ्यायची सोय आहे. फादरांना मिस्सापूर्वी नम्रपणे विचारता येतं, "फादर, आज गोन्सालोंचं नाव घ्याल का?"

दोन, विश्वासूंच्या प्रार्थना (मिस्सात लोकांतर्फे मागायच्या विनंत्या) लिहायची पाळी तुमच्या झोनवर, म्हणजे चर्चच्या तुमच्या विभागावर, आली की मिशनरी कामासाठी, छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी एक विनंती घाला.

तीन, मिस्साचा इरादा, म्हणजे ती मिस्सा कोणासाठी अर्पण करायची ते, देताना आपल्याकडे वाढदिवस आणि मयत एवढेच इरादे देतात, त्याऐवजी कधीतरी परदेशी मिशनमध्ये काम करणाऱ्या फादर-सिस्टरांसाठी द्या. आपल्या प्रत्येक धर्मग्रामातून (पॅरिशमधून) कोणी ना कोणी बाहेर गेलेलं असतंच.

पायरी ५: नोव्हेना, २८ जानेवारी ते ५ फेब्रुवारी

सण ६ ला, म्हणून नऊ दिवस २८ जानेवारीपासून मोजायचे. रोज सकाळचाच क्रम, त्यात त्यांच्या जीवनातला एक तुकडा आणि एक छोटं काम. प्रार्थना पंधरा मिनिटांत होते, कामाला एखाद्या दिवशी जास्त वेळ लागतो. आमच्या घरी जसं करतो तसं देते, तुम्ही बदलून घ्या.

पहिला दिवस जन्माचा. साधारण १५५६-५७ चा काळ, वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात, वडील पोर्तुगीज आणि आई इथली. आज आपल्या आईवडिलांसाठी प्रार्थना करायची, हयात असतील तर फोन करायचा.

दुसरा दिवस शाळेचा. वसईच्या किल्ल्यात जेझुइट (येशूसंघाच्या) फादरांकडे ते शिकले. आज ज्यांनी आपल्याला प्रार्थना शिकवल्या त्यांची नावं घ्या, जितकी आठवतील तितकी.

तिसरा दिवस निघण्याचा. पंधरा-सोळा वर्षांचं पोर जहाजातून जपानला गेलं. आजच्या हिशोबाने नववी-दहावीतला मुलगा! घरात त्या वयाचं कोणी असेल तर आज त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्या, आपल्याकडे आईवडील आशीर्वाद देतात ती पद्धत आता मागे पडत चाललीय, ती सुरू करायला हा दिवस चांगला.

चौथा दिवस जेझुइट फादरांबरोबरच्या आठ वर्षांचा, त्यांनी तिथे धर्मशिक्षक म्हणून काम केलं आणि भाषा इतकी शिकले की पुढे तीच त्यांची ओळख झाली. आज शुभवर्तमानातला एक उतारा मुलांना आपल्या घरच्या बोलीत सांगा, सामवेदी असेल वाडवळी असेल, पुस्तकी मराठीत नको. बघा ती गोष्ट किती जवळची वाटते.

पाचवा दिवस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांना जेझुइट व्हायचं होतं आणि त्यांना घेतलं नाही. मग ते तिथून बाहेर पडले, व्यापार करायला लागले, व्यापार चांगला चालला. म्हणजे आयुष्यातली एक मोठी इच्छा नाकारली गेलेला माणूस आहे हा. ज्यांची लग्नं जमली नाहीत, ज्यांना सेमिनरीतून परत यावं लागलं, ज्यांच्या परीक्षा सुटल्या नाहीत, त्यांच्यासाठी ह्या दिवशी प्रार्थना करा, नाव घेऊन करा, पण चारचौघांत नको, मनात. आणि स्वतःची अशी एक जुनी जखम असेल तर ती आज देवापुढे ठेवा. मी दरवर्षी ठेवते.

सहावा दिवस, २ फेब्रुवारी. ह्या दिवशी प्रभूचं मंदिरात समर्पण हा सण असतो आणि चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित करतात, तिथली एक मेणबत्ती घरी आणा आणि उरलेल्या नोव्हेनाला तीच लावा. त्यांच्या आयुष्यातला ह्या दिवसाचा तुकडा म्हणजे मनिला, जिथे ते व्यापारी म्हणून गेले आणि १५८८ च्या सुमारास फ्रान्सिस्कनांमध्ये साधे ब्रदर झाले.

सातवा दिवस सेवेचा. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता आणि इतरांबरोबर ते पुन्हा जपानला आले, ह्यावेळी दुभाषी म्हणून. तिथला सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी, त्याच्यासमोर बोलायचं काम ह्यांच्याकडे. क्योतोमध्ये फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने चालवले. आज एका आजारी माणसाकडे जायचं, फळं घेऊन जा, अर्धा तास बसा, आणि निघताना एक आमच्या बापा म्हणा.

आठवा दिवस वाटेचा. १५९६ च्या शेवटी अटक झाली, ३ जानेवारी १५९७ ला क्योतोमध्ये सगळ्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, धिंड काढली आणि मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत नेलं, साधारण महिनाभराचा प्रवास. निघाले तेव्हा २४ होते. वाटेत त्यांच्याबरोबर राहिलेले आणखी दोघं पकडले गेले आणि २६ झाले! ह्या दिवशी चर्चला किंवा जवळच्या क्रूसापर्यंत चालत जा, मोबाईल घरी ठेवून.

नववा दिवस, ५ फेब्रुवारी, हाच प्रत्यक्ष हौतात्म्याचा दिवस. नागासाकीची निशिझाका टेकडी, २६ क्रूस, आणि भाल्यांनी मरण. असं सांगतात की क्रूसाकडे पहिले गोन्सालोच गेले. त्यात लुईस १२ वर्षांचा होता, त्याला सुटका देऊ केली होती, त्याने नाही म्हटलं. आंतोनियो १३ वर्षांचा, तो क्रूसावर "मुलांनो, प्रभूचं स्तवन करा" हे स्तोत्र गायला लागला, आणि त्या जुन्या वर्णनात लिहिलंय की हे तो धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकला होता. धर्मशिक्षण शिकवणाऱ्या कोणीही हे वाचलं की डोळ्यांत पाणी येतं, निदान माझ्या येतं. म्हणून ह्या दिवशी घरातल्या मुलांबरोबर स्तोत्र ११३ म्हणा, गाता येत असेल तर गा. आणि रात्री सगळे लाईट बंद करून त्या एका मेणबत्तीपुढे, मोठ्या आवाजात, आमच्या बापा आणि नमो मरिया.

पायरी ६: ६ फेब्रुवारी आणि कॅलेंडरचा घोळ

पुष्कळजण विचारतात की मरण ५ ला तर सण ६ ला का. कारण ५ फेब्रुवारी संत अगाथाचा दिवस आहे, म्हणून जगभरच्या कॅलेंडरमध्ये हे हुतात्मे ६ ला, "संत पॉल मिकी आणि सोबती" ह्या नावाने, पॉल मिकी म्हणजे त्या २६ मधले एक जपानी जेझुइट. आपले गोन्सालो त्या सोबत्यांमध्ये. त्या दिवशी फादर लाल वस्त्र घालतात, लाल म्हणजे हुतात्म्याचं रक्त.

६ तारीख रविवारी आली तर रविवारच वरचढ, २०२८ ला असं होणार आहे. आणि क्वचित राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, त्याच दिवशी येतो, २००८ ला आला होता, तेव्हा राखेचीच उपासना चालते आणि संताची आठवण घरी. जिथे चर्चच त्यांच्या नावाचं आहे, जसं नालासोपाऱ्याजवळ गासला आहे, तिथे सणाचा दर्जा वेगळा आणि मोठा असतो, त्यांचं वेळापत्रक त्यांच्या नोटीस बोर्डावरूनच बघा.

घरी वाचायला गलतीकरांस पत्र २:१९-२०, मत्तय २८:१६-२०, आणि योहान १२:२४ मधला गव्हाचा दाणा. स्तोत्र १२६ पण छान, आसवं गाळत पेरणारे आनंदाने कापणी करतील, शेतीवाडी केलेल्या घरांना ते समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक तारीख कॅलेंडरवर गोल करा, ८ जून. १८६२ साली ह्या दिवशी पोप नववे पायस यांनी ह्या २६ जणांना संत घोषित केलं. त्याआधी १६२७ मध्ये धन्य म्हणून घोषणा झाली होती. पावसाची सुरुवात असते, शाळा उघडायच्या असतात, पोरांच्या नव्या दप्तरांना त्या दिवशी आशीर्वाद द्या.

पायरी ७: त्यांचं काम आपल्या हातात

भक्ती फक्त आल्तारपाशी राहिली तर मिशनरी संताचा मान अर्धाच झाला असं माझं स्पष्ट मत आहे. ते फादर नव्हते, मिस्सा अर्पण करू शकत नव्हते, कन्फेशन ऐकू शकत नव्हते. त्यांच्याकडे होती भाषा, आणि आजाऱ्यांसाठी हात. हे दोन्ही आपल्याकडे आहे.

वसई-विरारच्या कुठल्याही चर्चमध्ये आता मराठीबरोबर कोंकणी, मल्याळी, तमिळ, हिंदी बोलणारी कुटुंबं असतात आणि बरेचदा ती मागच्या बाकांवर गुपचूप बसून निघून जातात. त्यातल्या एका कुटुंबाकडून त्यांच्या भाषेतली आमच्या बापा शिकून घ्या, वर्षाला एक भाषा. मी आधी कोंकणी शिकले आणि मग तमिळ, तमिळ अजून अडखळते पण ज्या बाईंनी शिकवली त्या आता आमच्या रोजरीला येतात. त्यांना बँकेचा फॉर्म मराठीत भरता येत नाही, तेव्हा सोबत जाऊन दुभाषी होणं हे सुद्धा गोन्सालोंचंच काम आहे.

पायरी ८: किल्ल्यात जाणार असाल तर

वर्षातून एकदा तरी मुलांना वसईच्या किल्ल्यात न्या. वसई रोड स्टेशनवरून बस, रिक्षा मिळते. ते जिथे शिकले तो किल्ला आहे हा, आत जुन्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. सेल्फी काढा हवं तर, पण आधी एका जागी उभं राहून प्रार्थना म्हणा. किल्ला संरक्षित वास्तू आहे, म्हणून भिंतींवर मेणबत्त्या लावू नका, नावं कोरू नका, आणि येताना आपला कचरा पिशवीत घालून परत आणा.

जे गल्फला, कॅनडाला, कुठेही लांब आहेत त्यांच्यासाठी

तिकडच्या चर्चमध्ये गोन्सालोंचं नाव कोणी ऐकलेलं नसतं. हरकत नाही. जपानमध्ये ह्या हुतात्म्यांनंतर १६१४ ला धर्मावर देशभर बंदी आली, आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांनी दोनशेहून जास्त वर्षं बिन फादरांची, घरात लपून, तोंडपाठ प्रार्थना सांभाळल्या, त्या प्रार्थनांना ते ओराशो म्हणत. १७ मार्च १८६५ ला नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये ते फ्रेंच फादरांसमोर आले आणि विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठेय? ते चर्च ह्याच २६ हुतात्म्यांच्या नावाने बांधलेलं होतं. तेव्हा एका खोलीत चारजण शेअरिंगमध्ये राहात असाल, आल्तार नसेल, तरी ओराशो चालू राहू शकते, बेडवर बसून सुद्धा.

तुमच्या शहरात ६ फेब्रुवारीला पॉल मिकी आणि सोबत्यांची मिस्सा असेल. तिला जा, मिस्सानंतर तिथल्या फादरांना सांगा की ह्यातले एकजण माझ्या गावचे आहेत. मोबाईलवर तासांच्या प्रार्थनेचं अॅप टाकून घ्या, त्या दिवशीचं वाचनांच्या तासाचं दुसरं वाचन उघडा आणि त्यांना ब्रदर गोन्सालोंचं ते एक वाक्य दाखवा.